स्वभावनिदान आणि गुणदर्शन

माणसाचा स्वभाव काही ठरावीक नमुन्यांत बसवता येतो आणि आपला नमुना कोणता हे कळले की स्वतःशी व इतरांशी असलेले नाते सुधारते, ही समजूत आज नोकरभरतीपासून विवाहपूर्व समुपदेशनापर्यंत बरीच रुजली आहे. एक लांबलचक प्रश्नावली भरून घ्यायची, उत्तरांवरून त्या व्यक्तीला एखादे नाव, चार अक्षरे किंवा क्रमांक द्यायचा आणि त्याखाली तिची बलस्थाने, तिच्या उणिवा आणि तिचे कोणाशी जुळेल याचा अंदाज सांगायचा, असे या व्यक्तिमत्त्व-चाचण्यांचे ढोबळ स्वरूप असते. त्यांची विश्वसनीयता तपासणे हे मानसशास्त्राचे काम आहे. परंतु आपला प्रकार ओळखणे म्हणजे स्वतःला ओळखणे होय काय, हा त्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न तत्त्वचिंतनाचा आणि धर्मविचाराचा आहे व तो फार जुना आहे. वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम आणि पवनार येथील आश्रमांत कमालीच्या भिन्न स्वभावांची माणसे वर्षानुवर्षे एका छताखाली राहिली, आणि ग्रंथांतला हा प्रश्न तेथे स्वयंपाकघरात, शेतात आणि सफाईच्या कामात रोज नव्याने उभा राहिला. म्हणून त्या भूमीत घडलेल्या विचाराच्या आधाराने त्याचा शोध घेणे उपयोगाचे ठरते.

कार्ल युंग या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९२१ साली मानसिक प्रकारांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि ज्याच्या चित्ताची ओढ आतल्या विश्वाकडे असते तो अंतर्मुख, ज्याची बाहेरच्या माणसांकडे व वस्तूंकडे असते तो बहिर्मुख, ही विभागणी रूढ केली. अमेरिकेतील कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इसाबेल मायर्स यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या विचाराला प्रश्नावलीचे रूप दिले. तिच्यात परस्परविरोधी वृत्तींच्या चार जोड्या असून त्यांच्या संयोगातून सोळा प्रकार निघतात. एनिअग्राम या दुसऱ्या लोकप्रिय पद्धतीत नऊ प्रकार मानले जातात आणि प्रत्येक प्रकाराच्या मुळाशी एक विशिष्ट भय व एक विशिष्ट आसक्ती कल्पिलेली असते. विद्यापीठीय संशोधनात मात्र प्रकारांऐवजी पाच घटकांची मोजपट्टी अधिक मान्य आहे, कारण तिच्यात माणसाला एका कप्प्यात न टाकता प्रत्येक गुणाचे कमीअधिक प्रमाण सांगितले जाते. हा फरक महत्त्वाचा आहे. बहुतेक माणसे अंतर्मुखता आणि बहिर्मुखता यांच्या दोन टोकांवर नसून मध्यभागाच्या आसपास असतात, आणि मध्यावर रेघ मारून त्यांना दोन गटांत टाकले की रेघेच्या अल्याड-पल्याड असलेली, वस्तुतः सारखीच असलेली दोन माणसे भिन्न जातीची ठरतात. त्यामुळेच काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा घेतली असता पुष्कळांचा प्रकार बदललेला आढळतो. बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली आपल्या ३९ विद्यार्थ्यांना चाचणीचा निष्कर्ष म्हणून व्यक्तिमत्त्वाचे एक वर्णन दिले आणि ते स्वतःला किती लागू पडते यावर ५ पैकी गुण देण्यास सांगितले, तेव्हा सरासरी ४.२६ गुण मिळाले; वास्तविक सर्वांना एकच वर्णन दिलेले होते. आपल्याविषयी म्हणून सांगितलेले, थोडे स्तुतीचे आणि थोडे उणिवेचे कोणतेही वाक्य माणसाला खरे वाटते, ही गोष्ट आत्मज्ञानाची इच्छा बाळगणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

तरीही या चाचण्यांना हसून बाजूला सारणे अन्यायाचे होईल. समारंभातून लवकर घरी निघू पाहणारा नवरा आपल्या माहेरच्या माणसांचा अपमान करीत आहे असे वर्षानुवर्षे समजत आलेल्या स्त्रीला, गर्दीत त्याची शक्ती खरोखरच ओसरते हे एखाद्या चाचणीमुळे प्रथम उमगते, तेव्हा ज्या वागण्यामागे तिला दुष्ट हेतू दिसत होता त्यामागे तिला आता केवळ भिन्नता दिसू लागते. हा लाभ लहान नाही, कारण घरोघरचे निम्मे कलह हेतूविषयीच्या चुकीच्या अनुमानातून उत्पन्न होतात. मात्र तो लाभ प्रकाराच्या नावातून झालेला नसतो. दुसऱ्याचे मन आपल्या मनासारखे चालत नाही, एवढा एक विचार त्या निमित्ताने मनात शिरतो आणि काम तो करतो.

हा विचार मराठी माणसाला नवा नाही. व्यक्ती तितक्या प्रकृती असे तो सहज म्हणतो, आणि त्याच दमात स्वभावाला औषध नाही असेही म्हणतो. पहिल्या म्हणीत औदार्य आहे, तर दुसरीत हार. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खलक्षणांपासून पढतमूर्खाच्या लक्षणांपर्यंत स्वभावांची जी मांडणी केली, तिचा उद्देश श्रोत्याने लक्षणे ऐकून त्याज्य ती टाकावीत आणि उत्तम ती धरावीत असा होता. शेजारी कोणत्या समासात बसतो हे शोधण्यासाठी ती सांगितलेली नाहीत. चरकसंहितेच्या शारीरस्थानात मनाचे सात सात्त्विक, सहा राजस आणि तीन तामस असे सोळा प्रकार वर्णिलेले आहेत, आणि आधुनिक चाचणीतील सोळा या संख्येशी त्याचा मेळ बसतो म्हणून काही जण अभिमानाने फुलून जातात. हा अभिमान पोकळ आहे. चरकाच्या प्रतिपादनातील खरी मोलाची गोष्ट ही की या गुणांच्या तरतमभावामुळे मनाचे भेद मोजता येणार नाहीत इतके आहेत, हे त्या ग्रंथाला ठाऊक आहे आणि सोळा प्रकार हे वैद्याला दिशा मिळावी म्हणून केलेले दिग्दर्शन आहे. उलटपक्षी विवाहाच्या वेळी पाहिल्या जाणाऱ्या ३६ गुणांच्या मेळात देव, मनुष्य आणि राक्षस या तीन गणांना ६ गुण असतात व जन्मनक्षत्रावरून गण ठरतो. एखाद्या मुलीचा गण राक्षस निघाला म्हणून तिला पाहण्यासही न जाणारी कुटुंबे महाराष्ट्रात कमी झालेली नाहीत. जन्माच्या घटकेवरून स्वभावाचा शिक्का मारणारी आणि त्या शिक्क्यावरून नात्याचा निर्णय करणारी ही चाचणीच आहे, आणि शिक्का माणसाच्या आधी पोहोचला की माणूस भेटतच नाही हे तिच्यात उघड दिसते.

गीतेतील त्रिगुणविचार या सर्वांहून वेगळ्या पातळीवर उभा आहे, आणि वर्ध्याशी त्याचे नाते जवळचे आहे. विनोबा भावे १९२१ साली वर्ध्यात आले, गीतेचे समश्लोकी मराठी रूपांतर असलेली गीताई त्यांनी १९३०-३१ मध्ये येथेच रचली आणि पुढच्याच वर्षी धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर अठरा प्रवचने दिली, जी साने गुरुजींनी लिहून घेतली. सत्त्व म्हणजे प्रकाश व समतोल, रज म्हणजे हालचाल व हाव, तम म्हणजे जडता व झापड, अशी या गुणांची स्थूल ओळख सांगता येते. परंतु हे माणसांचे तीन प्रकार नव्हेत, तर प्रत्येक माणसात सदैव एकत्र असलेले आणि एकमेकांना दाबून वर येणारे तीन धागे आहेत, असे चौदावा अध्याय स्पष्टपणे सांगतो. पहाटे सात्त्विक असलेला माणूस दुपारी राजस आणि रात्री तामस असू शकतो, म्हणून मी कोण या प्रश्नाला या विचारात एका गुणाचे नाव हे उत्तर होत नाही. आत्ता माझ्यात काय वर आले आहे, एवढाच प्रश्न विचारता येतो आणि तो पुन्हा पुन्हा विचारावा लागतो.

विनोबांच्या विवेचनाचे वैशिष्ट्य हे की त्यांनी निदानाला चिकित्सेची जोड दिली. तमोगुणाचे मुख्य रूप आळस, झोप आणि गाफिलपणा हे असल्यामुळे त्यावर शरीरश्रम हा उपाय आहे. रजोगुण माणसाला चारी दिशांना पळवतो म्हणून स्वधर्माची, म्हणजे आपल्या वाट्याला सहज आलेल्या कर्तव्याची, मर्यादा हा त्यावरील उपाय आहे. आणि सत्त्वगुणाचेही बंधन असते, कारण चांगुलपणाचा अभिमान आणि त्याची आसक्ती जडते, तेव्हा चांगुलपणा श्वासोच्छ्वासाइतका सहज होईपर्यंत मुरवणे आणि शेवटी तोही ईश्वरार्पण करणे हा तिसरा उपाय आहे. या तिसऱ्या मुद्द्यापाशी थांबण्यासारखे आहे. सत्त्व हे सुखाच्या आणि ज्ञानाच्या आसक्तीने बांधते असे गीता म्हणते, आणि व्यक्तिमत्त्व-चाचणीचा निकाल हाती आल्यावर होणारे समाधान हे याच जातीचे असते: स्वतःविषयी काहीतरी कळल्याचे सुख, जे पुढे काही करण्याची निकड घालवून टाकते. आपण अमुक प्रकारचे आहोत हे कळले, आता जगाने आपल्याशी तसे वागावे, इतक्यावर शोध थांबतो. ज्या निदानाला पथ्य नाही आणि औषध नाही ते रोग्याला फक्त रोगाचे नाव देते.

आणि तरी गुणांची ही भाषा निरुपद्रवी राहिलेली नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. गुण आणि कर्म यांच्या विभागाने चार वर्ण निर्माण केले गेले, या गीतेतील विधानाचा आधार घेऊन माणसांची प्रतवारी शतकानुशतके समर्थनीय ठरवली गेली. सात्त्विक तो वरचा, तामस तो खालचा, आणि कोण काय आहे हे जन्मानेच ठरलेले. १९३६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी तयार केलेले आणि मंडळाने अधिवेशनच रद्द केल्यामुळे स्वतः छापलेले जातिसंस्थेच्या निर्मूलनावरील भाषण या बाबतीत मूलगामी आहे. जन्माऐवजी गुणावर आधारलेले चातुर्वर्ण्य निर्दोष आहे असे म्हणणाऱ्या सुधारकांना त्यांनी प्लेटोच्या आदर्श राज्यातील तीन वर्गांची आठवण करून दिली आणि दोन्ही योजनांवर एकच आक्षेप घेतला: माणसांना मोजक्या, काटेकोर वर्गांत कोंबणे हे माणसाविषयीचे उथळ ज्ञान आहे, कारण व्यक्तीव्यक्तींतील वैविध्य अपार असते आणि एकाच व्यक्तीतील गुणही कायम तेच राहत नाहीत. गांधींनी हरिजन पत्रात त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांना उत्तर दिले, तेव्हा ते नुकतेच वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे पुढे सेवाग्राम झालेल्या खेड्यात, राहावयास आले होते. त्या उत्तरात त्यांनी पिढीजात व्यवसाय या अर्थाने वर्णाचा बचाव केला, आणि पुढील दशकात त्यांची ही भूमिका बरीच बदलली. त्या वेळच्या वादात मात्र स्वभावांच्या वर्गीकरणाविषयीच्या आंबेडकरांच्या आक्षेपाचे निराकरण झालेले दिसत नाही, आणि आजही सोळा किंवा नऊ प्रकारांची भाषा बोलणाऱ्या प्रत्येकावर त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी आहे. वर्गीकरण करणारा कोण, त्याचा लाभ कोणाला आणि वर्गाबाहेर पडण्याची मुभा आहे काय, हे प्रश्न टाळून स्वभावचर्चा करता येत नाही.

सेवाग्राममध्ये प्रत्यक्षात जी माणसे जमली त्यांच्याकडे पाहिले की हा आक्षेप किती खरा आहे हे पटते. संस्कृतचे पंडित असलेले परचुरे शास्त्री कुष्ठरोगी अवस्थेत तेथे आले आणि गांधींनी त्यांच्यासाठी जवळच कुटी बांधून स्वतः त्यांची सेवा केली. जयकृष्ण भन्साळी यांचे उदाहरण तर विशेष बोलके आहे. बारा वर्षांच्या मौनाचा संकल्प करून, तो मोडू नये म्हणून ओठ तारेने शिवून घेणारा, पाण्यात कालवलेले कच्चे पीठ आणि कडुनिंबाचा पाला खाऊन भटकणारा हा तपस्वी कोणत्याही प्रश्नावलीने आत्यंतिक अंतर्मुख आणि लोकव्यवहाराला अपात्र ठरवला असता. १९४२ च्या ऑगस्टमध्ये वर्धा जिल्ह्यातील आष्टी आणि चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे उठाव झाले, त्यानंतर चिमूरमध्ये स्त्रियांवर झालेल्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून हाच माणूस दिल्लीला जाऊन व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य माधव श्रीहरी अणे यांच्या दारी बसला आणि पुढे त्याने ६३ दिवसांचे उपोषण केले. त्याचा स्वभाव बदलला असे म्हणण्यापेक्षा, त्या स्वभावातील हट्टाला योग्य जागा सापडली असे म्हणणे अधिक बरोबर होईल. कोणत्या गुणाला कोठे जागा मिळेल हे आधी सांगता येत नाही, आणि प्रकाराचे नाव देणारी पद्धत नेमके हेच सांगू पाहते.

अशा माणसांना एकत्र ठेवण्यासाठी गांधींनी जे साधन वापरले ते अकरा व्रतांचे होते. सत्य, अहिंसा, अस्तेय, शरीरश्रम, अस्वाद, निर्भयता इत्यादी ही व्रते सर्वांना सारखीच लागू होती. ती स्वीकारणाऱ्याला तू कोणत्या प्रकारचा आहेस असे विचारले जात नव्हते, फक्त त्याने कोणत्या दिशेने चालायचे आहे हे सांगितले जात होते, आणि स्वभावभेद हा चालण्याच्या वेगात व अडखळण्याच्या जागांत आपोआप दिसून येत होता. या पद्धतीत एक कठोरपणा आहे आणि तो अनेकांना जाचला असणार, हे मान्य करावे लागते. अंतर्मुखाला सामुदायिक भोजन आणि सामुदायिक प्रार्थना दोन्ही वेळा चुकत नाहीत तेव्हा होणारा ताण व्रतांच्या भाषेत सांगताच येत नाही. तो सांगण्यासाठी स्वभावाची भाषा लागते.

विनोबांनी या ठिकाणी जो विचार दिला तो या संपूर्ण प्रश्नाचा गाभा आहे. प्रत्येक माणूस हे एक घर मानले तर त्याचे दोष या भिंती आणि गुण हे दार होय, आणि कितीही गरिबाच्या घराला एक तरी दार असतेच, म्हणून आत जायचे तर दाराने जावे, भिंतीवर डोके आपटू नये, असे ते सांगत. याला ते गुणदर्शन म्हणत. हा उपदेश वरवर गोड वाटतो, पण त्यामागे ज्ञानाविषयीचा एक कठीण सिद्धांत आहे. गीतेच्या तेराव्या अध्यायात शरीर-मनाला क्षेत्र आणि त्याला जाणणाऱ्याला क्षेत्रज्ञ म्हटले आहे. स्वतःच्या बाबतीत माणूस क्षेत्रज्ञाच्या जागी उभा राहून आपल्या रागाकडे, आळसाकडे, भयाकडे अलिप्तपणे पाहू शकतो, म्हणून स्वतःच्या दोषांचे निदान त्याला शक्य आहे आणि कर्तव्यही आहे. दुसऱ्याच्या बाबतीत मात्र त्याला केवळ क्षेत्राचा बाह्य भाग दिसतो. राग दिसतो, पण तो आवरण्यासाठी त्याने आत किती झुंज दिली हे दिसत नाही. म्हणून दोन्हीकडे एकच साधन चालत नाही. स्वतःसाठी निदान आणि इतरांसाठी गुणदर्शन ही विषमता पक्षपाती नाही. एकाला जे ठाऊक असू शकते ते दुसऱ्याला ठाऊक असू शकत नाही, या वस्तुस्थितीतून ती निघते. आज चाचण्यांचा वापर बहुधा नेमका उलटा होतो: स्वतःचा प्रकार हे सवलतपत्र म्हणून दाखवले जाते आणि दुसऱ्याचा प्रकार हे आरोपपत्र म्हणून.

या विचाराला एक मर्यादा घालणे अत्यावश्यक आहे. मारहाण करणाऱ्या नवऱ्याविषयी त्याचा स्वभावच तापट आहे असे म्हणून सुनेला गप्प बसवणाऱ्या घरात स्वभावाची भाषा अन्यायाच्या चाकरीला लागलेली असते, आणि तेथे गुणदर्शनाचा उपदेश करणे हे क्रौर्य आहे. अन्याय हा स्वभावभेद नव्हे. सोळाव्या अध्यायातील दैवी संपत्तीच्या विवेचनात विनोबांनी सद्गुणांच्या सेनेच्या आघाडीला अभय आणि पिछाडीला नम्रता असल्याचे दाखवले आहे, आणि हा क्रम येथे उपयोगी पडतो. ज्याला निर्भयपणे नाही म्हणता येत नाही त्याच्या समजूतदारपणाला नम्रता म्हणता येत नाही. नात्यातील दोघांपैकी एकाला भीती वाटत असेल तर आधी भीतीचा बंदोबस्त केला पाहिजे, स्वभावांचा मेळ त्यानंतरचा.

धाम नदीच्या काठी पवनार येथे विनोबांनी १९५९ साली ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना केली आणि स्त्रियांच्या सामूहिक साधनेचा प्रयोग सुरू झाला. तेथे कोणी प्रमुख नाही आणि निर्णय बहुमताने न होता सर्वसंमतीने होतात. शेती, स्वयंपाक, सफाई आणि छपाई ही कामे साधिका स्वतः करतात. सर्वसंमतीचा अर्थ असा की एका जरी व्यक्तीचे मन एखाद्या गोष्टीला तयार नसेल तर ती गोष्ट थांबते, आणि म्हणून त्या व्यक्तीचा स्वभाव बाजूला सारण्याजोगी अडचण उरत नाही, सर्वांना तो समजून घ्यावाच लागतो. बहुमतात भिन्न स्वभावाचा माणूस मोजणीत हरतो आणि विषय संपतो; सर्वसंमतीत विषय संपत नाही, तो पुन्हा चर्चेला येतो. परंतु याच पद्धतीत एक सूक्ष्म धोका आहे: जो मितभाषी आहे, ज्याला विचार करायला रात्र जावी लागते किंवा ज्याला वादाची धास्ती वाटते, त्याचे मौन संमती म्हणून धरले जाण्याची शक्यता मोठी असते, आणि वरवरच्या एकमताखाली त्याचे मत कायमचे दबून जाऊ शकते. व्यक्तिमत्त्वाच्या चाचणीला कोठे खरी जागा असेल तर ती येथे आहे. आपण बोलायला उशीर लावतो हे ज्याचे त्याला कळावे आणि त्याने ते आधीच इतरांना सांगून ठेवावे. आपण आधी बोलून मोकळे होतो हे दुसऱ्याला कळावे आणि त्याने प्रस्ताव मांडल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावे. ही व्यवस्था आश्रमापुरतीच आहे असे नाही; चार माणसांच्या घरात मुलीच्या शिक्षणाचा किंवा शेत विकण्याचा निर्णय व्हायचा असतो तेव्हा कोपऱ्यात गप्प बसलेल्या आजीला दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा विचारणे, एवढ्याने तिचा आरंभ होतो.